खालच्या खोलीतली बारा गाणी

१३ डिसेंबर २००४

डॉक्टर म्हणाले, बोलणं कमी करा. मी म्हटलं, साहेब, मी एसटीत कंडक्टर आहे. तर म्हणाले, मग रजा घ्या. रजा घेतली तर घरी कारण सांगावं लागेल, म्हणून ती घेणार नाही. बोलायचं ते जमेल तेवढं इथं बोलेन. ही डायरी बियाण्याच्या दुकानदारानं जानेवारीत दिली होती, वर्षभर कोरी पडून होती.

दोन महिने आवाज बसला आहे. गुळण्या झाल्या, काढे झाले, अडुळशाचं पान चावून झालं. शेवटी आज नांदेडला घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाकातून बारीक नळी घालून आत बघितलं आणि सांगितलं, स्वरतंतूवर गाठ आहे. काढावी लागेल आणि काढून तपासायला पाठवावी लागेल. साधी की वाईट, विचारलं. तपासल्याशिवाय काही सांगणार नाही म्हणाले. आणि आवाज? "बोलाल. गाण्याचं वचन मी देत नाही."

ते पुढच्याच आठवड्यात या म्हणत होते. मी भांडून सहा आठवडे मागून घेतले. २४ जानेवारी ठरली, त्यापुढं एक दिवस नाही.

गाणं गेलं तर माझ्यापाशी काय राहतं? खाकी कपडे आणि तिकिटांचा ट्रे. डोंगरकड्यापासून कळमनुरीपर्यंत लोक हरिचंदला ओळखतात ते तिकिटामुळं नाही. पंचवीस वर्षं आमची गायन पार्टी आहे. भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणी गेलं तर त्याच्या पुण्यानुमोदनाला मी लिहिलेली, मीच चाल लावलेली गाणी मीच म्हणतो. बारा आहेत. एकही कुठं कॅसेटवर भरून ठेवलेलं नाही.

घरी आलो तर सत्यशीला दारातच उभी. "दिसभर कुठं व्हता?" माझ्या तोंडातून निघालं, "नांदेडला. रेकॉर्डिंगचं मशीन बघायला. गाण्यांची कॅसेट काढायचीय." दवाखान्यासमोर तसलं एक दुकान होतं, तेच डोळ्यांपुढं आलं.

ती मग म्हणाली, "अन् बसवणार कुठं?"

"खालच्या खोलीत."

आता स्टुडिओ काढणं आलं. बायकोशी खोटं बोलायची सवय नसली की असं होतं.

१५ डिसेंबर

खालची खोली म्हणजे आमचं तळघर. प्लॉट उताराचा निघाला, पुढची बाजू रस्त्याला लावायची तर मागं जोतं पुरुषभर उंच होत होतं. गवंडी म्हणाला, भराव टाकण्यापेक्षा खोली काढा. आठ बाय दहाची निघाली. मला मान खाली घालून चालावं लागतं, सत्यशीला ताठ चालते. आत तुराट्या, मोडका पाळणा, गेल्या जयंतीचे बांबू आणि एक कोंबडी, जी कुणाची आहे ते अजून कळलं नाही.

भावसिंगला बोलावलं. कळमनुरीला त्याचं मंडप आणि लाउडस्पीकरचं काम आहे, आमच्या सगळ्या कार्यक्रमांना माईक त्याचाच असतो. खोलीच्या मधोमध उभं राहून त्यानं एक टाळी वाजवली आणि कान देऊन ऐकत राहिला.

"मास्तर, आवाज घुमून राहिला. भिंती झाकाव्या लागतील."

"कशानं?"

"मऊ काही बी चालंल. जितकं जाड तितकं बराबर."

मशीन तो औरंगाबादहून आणणार आहे. बंद पडलेल्या स्टुडिओचं, वापरलेलं. त्यात चार आवाज वेगवेगळे भरायचे आणि मग एकत्र करायचे, असं आहे म्हणे. मला एकच भरायचा आहे, पण त्याचा उत्साह बघून हो म्हटलं.

१७ डिसेंबर

सत्यशीला काल बहिणीकडे पुसेगावला गेली होती. एका दिवसात जाऊन आली. एरवी येताना पिशवी भरून हरभरा नाहीतर बोरं असतात, काल ज्येष्ठमधाची एक पुडी तेवढी होती. आली आणि न जेवता आडवी झाली. विचारलं तर म्हणाली, पाय दुखून राहिले.

आज डेपोत शिवहार भेटला. तो नांदेडच्या गाडीवर असतो. म्हणाला, "वहिनी काल आमच्या गाडीत व्हत्या. नांदेडला उतरल्या." मी म्हटलं, अरे पुसेगाव कुठं, नांदेड कुठं, दोन्हींची तोंडं दोन दिशांना. त्याला माणसं ओळखायची अक्कल पहिल्यापासून नाही. मी पंचवीस वर्षं चेहरे वाचतो. तिकीट न काढता बसलेला माणूस मला दारातूनच कळतो.

आजपासून सकाळी चहाच्या आधी कोमट पाणी मिळू लागलं आहे. थंडी आहे म्हणून, म्हणाली.

१९ डिसेंबर

भिंती झाकल्या. कुरुंद्याच्या एका हळदवाल्यानं जुनी रिकामी पोती दिली, ती गाडीच्या टपावर टाकून आणली होती. मी आणि मुंजाजीनं दिवसभर खिळे ठोकून ती लावली. मुंजाजी म्हणजे आमचा ढोलकीवाला. पहिलीपासून माझ्याबरोबर आहे आणि तेव्हापासून माझं काही एक ऐकत नाही. पोत्यांत हळदीची भुकटी राहिली होती. खिळा ठोकला की एक ढग उडायचा. संध्याकाळी वर आलो तेव्हा दोघंही पिवळेधमक. रस्त्यानं चाललेल्या म्हातारीनं विचारलं, "कोणाचं लगीन हाय रं?" मुंजाजी म्हणाला, "माझंच हाय, मावशे. दुसरं."

इथवर गंमत झाली. मग एक ओळ म्हणून बघावी म्हणून खाली गेलो, तर दोघांना असा खोकला सुटला की गाणं राहिलं, पळत वर यावं लागलं. माझ्या थुंकीत लाल दिसलं. हळद असेल.

२० डिसेंबर

हळद पिवळी असते. रात्रभर मला हे कळलं नाही, सकाळी कळलं.

ड्यूटीवरून आलो तर पोती सगळी अंगणात, आणि सत्यशीला खाली भिंतींना वाकळा लावून राहिलेली. वसमतला दिलेली आमची रागिणी पहिल्या बाळंतपणाला येणार, म्हणून वर्षभर बसून शिवलेल्या नव्या वाकळा. मला त्यावर टेकूही देत नव्हती.

"अगं, ह्या काहून?"

"त्या धुळीनं घसा धरंल." मग एक खिळा ठोकून म्हणाली, "मुंजाजीभाऊचा."

भावसिंगनं येऊन पुन्हा टाळी वाजवली. टाळी तिथल्या तिथं थांबली. तो खूश झाला. मला वाटतं सत्यशीलालाही आता स्टुडिओचं वेड लागलं.

२ जानेवारी २००५

मशीन आलं. आज पहिलं गाणं भरलं, म्हणजे भरायला घेतलं. वीज दुपारी बारा ते चार असते, तेवढ्यातच उरकायचं.

मी नेहमीसारखा आवाज लावला, तर मशीनवरचा काटा लाल रेघेपलीकडं जाऊन आपटला. भावसिंगनं कानावरचं काढलं. "मास्तर, माईक इथं तुमच्या नाकाखाली हाय. गल्लीच्या टोकाला न्हाई."

आम्ही शिकलो ते विनामाईक, शेवटच्या घरातल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे असं. हळू गाणं मला येतच नव्हतं. आज तासभर प्रयत्न केला आणि गंमत म्हणजे हळू गाताना घसा दुखला नाही.

मी पेटी आणि मुंजाजीनं ढोलकी आधी भरून घेतली. मग मी नुसतं उभं राहून गायचं. पण नुसत्या हातांचं काय करायचं असतं ते मला माहीत नाही. खिशातला तिकिटाचा पंच हातात धरला तेव्हा कुठं पाय ठरले. पहाटेची पहिली गाडी असो की दिवाळीची गर्दी असो, पंच हातात असला की मला धीर येतो.

दोन गाणी झाली. तिसऱ्याला सत्यशीला चुलीवरून उठून आली आणि म्हणाली, आता बास, मुंजाजीभाऊचे हात दुखत असतील. मुंजाजी म्हणाला, माझे हात ठीक हायेत. ती म्हणाली, न्हाई, दुखून राहिलेत.

६ जानेवारी

चार गाणी झाली आणि चारीत एक आवाज येतो. टिक. टिक. मधूनच, कधी जोरात, कधी बारीक. भावसिंगचा चेहरा पडला आहे. त्याला वाटतं मशीनच तसलं पदरात पडलं.

वरचं घड्याळ काढून शेजाऱ्यांकडं ठेवलं. मुंजाजीचं मनगटी काढलं. पाल शोधली. कोंबडीला हाकललं. आवाज आहेच.

८ जानेवारी

मशीनची मागची पट्टी उघडून भावसिंगनं सगळं पुसलं. पुन्हा पहिल्या गाण्याला लागलो. पुन्हा टिक. आता तर ठेक्यात येतो. मुंजाजी म्हणतो, भुतालाही ताल आहे.

मला रागही आला आणि रडूही. माझ्यापाशी दिवस मोजके आहेत, हे ह्या लोकांना कसं सांगू?

९ जानेवारी

लिहायची लाज वाटते. आज गाताना सत्यशीला पायरीवर बसून माझ्याकडं बघत होती. गाण्याच्या मध्यात उठली, माझ्यापुढं आली आणि प्रवासी तिकिटासाठी करतात तसा हात पुढं केला. मला आधी कळेना. मग माझ्या मुठीकडं बघितलं. पंच. पंचवीस वर्षं गाडीत दांड्यावर वाजवतो, रिकामाच दाबतो, हात आपोआप चालतो. मला त्याचा आवाज येतच नाही.

दिला. तिनं तो पदराच्या टोकाला बांधला. "म्हणा आता."

भावसिंग अर्धा तास हसत होता. मशीन चांगलं निघालं ह्याचाच त्याला आनंद जास्त. चारी गाणी पुन्हा म्हणावी लागणार. मी म्हटलं, एका दमात म्हणतो. सत्यशीला म्हणाली, एका दिवसाला दोनच. ह्या घरात स्टुडिओ माझा आणि वेळेचा तक्ता तिचा, असं झालंय.

१६ जानेवारी

नऊ झाली. आवाज सकाळी बरा असतो, दुपारी फाटतो. मुंजाजीनं ढोलकी एक घर खाली लावली, मला न विचारता. मी विचारलं तर म्हणाला, थंडीनं कातडं सैल पडलं. पडू दे बापडं.

आज कोरस भरला. सत्यशीला लग्नाआधीपासून कोरसला गाते, तिच्या वडिलांचीही पार्टी होती. बावीस वर्षं ती माझ्या मागच्या ओळीत उभी आहे, पण तिचा आवाज एकटा मी आज ऐकला. भावसिंगनं बाकीचं सगळं बंद करून तेवढाच लावला. सुरात आहे. नुसता सुरात नाही, भरलेला आहे. मी काही बोललो नाही. बोलायचं नाही असं डॉक्टरांनीच सांगितलंय.

एक खोड मात्र उघडी पडली. शेवटच्या कडव्यात गाणं लिहिणाऱ्याचं नाव येतं, ही आमच्यातली जुनी रीत. माझ्या सगळ्या गाण्यांत येतं. 'सांगे हरिचंद' आलं की बरोबर तिथंच तिचा आवाज गायब. पुढच्या शब्दाला परत हजर. नऊच्या नऊ गाण्यांत एकाच ठिकाणी दम संपतो म्हणजे काय? बावीस वर्षांत श्वास कुठं घ्यायचा एवढं शिकली नाही. मी तसं बोललोही. ती म्हणाली, "व्हय, दम पुरत न्हाई." आणि वर निघून गेली.

२० जानेवारी

अकरा झाली. बारावं राहिलं.

ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, तीच माझी चूक. 'एका पाटीवर' म्हणजे माझ्या आईचं गाणं. मी पहिलीत असताना संध्याकाळी ती माझ्याच पाटीवर अक्षरं गिरवायची. शेवट असा आहे:

एका पाटीवर दोघं शिकलो, माय आणि मी,
सांगे हरिचंद, पुसली न्हाई अक्षरं ती कधी.

'माय' वर सूर चढतो तो थेट वर. बाराही गाण्यांत सर्वांत उंच. आज तिथं पोचलो आणि आवाज निघालाच नाही. नुसती हवा आली. पुन्हा घेतलं, पुन्हा हवा. चौथ्यांदा सत्यशीलानं खटका खाली केला आणि म्हणाली, लाईट गेली. भावसिंग माझ्याकडं बघेना, मुंजाजी ढोलकीवरची नजर काढेना.

२२ जानेवारी

सांगून टाकलं. परवा नांदेडला भरती व्हायचंय, घशाचं लहानसं ऑपरेशन आहे, घाबरण्यासारखं काही नाही. हे वाक्य दोन दिवस मनात घोकत होतो.

सत्यशीला भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "पिशवी भरून ठेवलीय. खाटंखाली हाय." उघडली तर लुंगी, टॉवेल, तांब्या, माझा मफलर, सगळं.

बायकांना कसं कळतं कोण जाणे. मुंजाजीनं सांगितलं असेल. पण मुंजाजीला तरी मी कुठं सांगितलं होतं?

२८ जानेवारी

झालं. गाठ काढून तपासायला पाठवली. पंधरा दिवस तोंडातून एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. ८ तारखेला कागद येणार, त्याच दिवशी डॉक्टर बोलू देणार. म्हणजे वाईट असेल तर ते ऐकून मला 'अरेरे' तरी म्हणता येईल.

जुन्या पाठकोऱ्या कागदांची चळत उशाला आहे. त्यावर लिहून सगळं मागतो. न बोलता घरात किती ऐकू येतं. सत्यशीला काम करताना गुणगुणते. माझीच गाणी. बावीस वर्षं गुणगुणत असणार, मीच बोलत होतो.

३ फेब्रुवारी

आजचं नीट लिहायचं आहे.

भावसिंगला लग्नसराईमुळं वेळ नाही, पण मशीन चालवायला त्यानं मला शिकवलं आहे. दुपारी सत्यशीला आणि मुंजाजी माझ्यापुढं येऊन उभे राहिले. मुंजाजी म्हणाला, "बारावं वहिनी म्हणतील. तू बटणं दाब."

मी कागदावर लिहिलं, सूर फार उंच आहे. सत्यशीलानं वाचलं आणि सरळ खाली गेली.

तिनं सुरुवात केली. 'माय' वर पोचली तेव्हा मी काट्याकडं बघत होतो. काटा रेघेला टेकला आणि तिथंच थांबला, इकडं नाही तिकडं नाही. मी हे गाणं बारा वर्षं म्हणतोय. ते असं आहे हे मला माहीत नव्हतं.

मग शेवटचं कडवं. 'सांगे' म्हणाली आणि थांबली. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथंच. कोरसात हे झाकलं जात होतं, एकट्या आवाजात तिथं भोक पडलं. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, श्वास आधी घे!

तिनं मान खाली घातली. मुंजाजीनं ढोलकी मांडीवरून उतरवली.

"हरिचंदा, तू खरंच येडा हाईस का? दमाचं न्हाई ते. वहिनी तुझं नाव कसं घेतील?"

मी तिच्याकडं बघितलं. तिनं मला आजवर 'अहो' म्हटलं आहे. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की ती कार्ड पुढं करते. लग्नात उखाणा घेतला होता तो सोडला तर हे नाव तिच्या तोंडून मी ऐकलेलं नाही, आणि मला ते कधी सुचलंही नाही. उलट मी तिला श्वास घ्यायला शिकवत होतो. लोकांसमोर रागावलोही आहे. दम पुरत नाही म्हणत तिनं सगळं ऐकून घेतलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिहिलं, नाव काढून टाकू. 'सांगतो मी' म्हण, चालीत बसतं.

तिनं कागद वाचला आणि परत दिला. "न्हाई. मंग लोकायला कसं कळंल गाणं कोणाचं हाय? कोणी बी आपलं म्हणंल." थोडा वेळ वाकळेचा एक दोरा ओढत राहिली. मग म्हणाली, "तुमी जरा बाहीर जा. मुंजाजीभाऊ दाबतील बटण."

मी पायऱ्यांवर पाठमोरा बसलो, दार लोटून. वाकळा आहेत, तरी लाकडी दारातून ऐकू येतं. एकदा चुकलं. एकदा मुंजाजीला हसू आलं, म्हणून थांबलं. तिसऱ्यांदा ती सरळ आली, 'सांगे' वर न थांबता, आणि म्हणाली. हरिचंद. पूर्ण. शेवटच्या अक्षराला जरा लांबवून.

मला हुंदकाही देता येत नव्हता, डॉक्टरांनी त्यालाही मनाई केली आहे. तसाच बसून राहिलो. दार उघडून ती माझ्या बाजूनं वर गेली आणि जाताना म्हणाली, चहा ठेवते.

८ फेब्रुवारी

आज.

सकाळच्या गाडीनं नांदेडला गेलो. शिवहारचीच गाडी होती. त्यानं सत्यशीलाकडं बघून मान हलवली, तिनंही हलवली, ओळख असल्यासारखी. मी मनात म्हटलं, बघू नंतर.

डॉक्टरांनी पाकीट उघडलं, वाचलं, आणि पहिल्यांदा हसले. गाठ साधी आहे. वाईट काही नाही. पुन्हा येऊ नये म्हणून ओरडायचं नाही, एवढंच. मग म्हणाले, "आता बोला."

"काय बोलू" हेही बोलणंच झालं असतं, ते सुचलं नाही. पंधरा दिवस साठवलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे. तोंड उघडलं आणि निघालं, "पुढं सरका. पुढं सरका, आत जागा आहे."

आवाज आला! जाडसर, खाली उतरलेला, मला थोरला भाऊ असता तर त्याचा असा असता. पण आला. डॉक्टर हसायला लागले आणि माझ्या मागं बसलेल्या सत्यशीलाकडं वळून म्हणाले, "काय बाई, डिसेंबरात तुम्ही एकट्या आला होतात तेव्हाच म्हटलं होतं ना, बहुतेक साधीच असेल?"

"म्हणले व्हते साहेब," ती म्हणाली. "पण कागद बघितल्याबिगर झोप येईना."

डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या खाकी शर्टाच्या खिशात राहिली होती. तिनं धुण्याआधी खिसे तपासले, तिसऱ्या दिवशी एकटी नांदेडला आली, डॉक्टरांना विचारलं की गायले तर गाठ वाढंल का. ते म्हणाले, थोडं थोडं, जपून, आणि धूळ नको. म्हणून वाकळा. म्हणून दिवसाला दोन. हे सगळं तिनं परतीच्या गाडीत सांगितलं, खिडकीबाहेर बघत.

मी चिडलो. नव्या आवाजात पहिलं भांडण केलं. "मग बोलली काहून न्हाईस? दोन महिने!"

"तुमाला वाटून राहिलं व्हतं की मला म्हाईत न्हाई. तेवढाच तर आधार व्हता तुमाला. तो कसा काढून घेऊ?"

ह्यावर भांडता येत नाही. अर्धापूर मागं पडलं. मग हळूच 'एका पाटीवर' ची ओळ गुणगुणून बघितली. वरचा सूर गेला. तिथं काहीच नाही. रडू येईल असं वाटलं होतं. खरं लिहितो, हलकं वाटलं. बारा वर्षं प्रत्येक कार्यक्रमात त्या सुराआधी मी डोळे घट्ट मिटून घ्यायचो, तो लागेल की नाही म्हणून. आता नाहीच लागणार. तो जिचा आहे तिनं घेतला, आणि तो मशीनमध्ये सुखरूप आहे. मला कोरसला उभं राहता येईल. पुढच्या जयंतीला मी मागं, ती पुढं. हे मी तिला गाडीतच सांगितलं. ती म्हणाली, बघू. पण तिकीट हातात धरून उगाच हसत होती.

घरी आलो तेव्हा एक वाजला होता. मी म्हटलं, तू टेक जरा, मी चहा करतो. चहा घेऊन शोधत खाली गेलो तर ती त्या वाकळांतली एक भिंतीवरून ओढून, अंगावर घेऊन, माईकच्या पायाशी झोपलेली. दुपारी झोपणारी बाई नाही ती. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, मी तिला उन्हात डोळे मिटलेलं बघितलेलं नाही. तोंड जरा उघडं होतं. श्वास एकसारखा चालला होता.

चहा तसाच घेऊन वर आलो, दार लावलं आणि पायरीवर बसलो. भंगारवाला ओरडत आला, त्याला हातानं थांबवलं आणि पुढं जा म्हटलं. शेजारणीला रेडिओ बारीक कर म्हटलं. मग मुंजाजी धावत आला, लांबूनच विचारत, "काय रं, काय आला कागद?"

"साधी निघाली. हळू बोल."

तो जागीच थांबला. "तुझा आवाज आला की रं!"

"आलाय. हळू बोल, ती झोपलीय."

मुंजाजीनं डोळे पुसले, चपला काढून हातात घेतल्या आणि माझ्याशेजारी येऊन बसला. चार वाजले, वीज गेली, ती उठली नाही. दिवेलागणीपर्यंत आल्यागेल्या प्रत्येकाला मी हेच सांगत होतो, हळू बोला, ती झोपलीय, आणि आज मला दुसरं काहीच बोलायचं नव्हतं.